औषधोपचाराचा खर्च आणि आपली भीड

(श्री संत नामदेव महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त भरलेल्या ज्ञातिमेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आजच्या या पुण्यदिनी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नाही. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतली आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून उभा जन्म मुलांना अक्षरे व अंक शिकविण्यात घालविला, एवढीच माझी पुंजी. वैद्यकशास्त्र मला कळत नाही. यास्तव रोगांविषयी मी आज काही बोलणार नाही. रोग बरा व्हावा म्हणून जो पैसा आपण आपल्या खिशातून मोजतो, त्या पैशाविषयी मात्र बोलणार आहे. कारण बेरीज-वजाबाकी एवढा विषय तरी माझ्या अधिकारातला आहे, अशी माझी समजूत आहे.

आपण शिंपी. नामदेवरायांचे नाव सांगणारे. गज, कात्री आणि सुई यांवर आपल्या पिढ्यान्‌पिढ्या जगल्या. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले म्हणजे कापड खाली ठेवण्यापूर्वी विचारते, "शिलाई काय घेणार?" आपण सांगतो. मग ते विचारते, "अस्तर धरून की अस्तराचे वेगळे?" तेही आपण सांगतो. एखादे चौकस गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाऊन तेथील दर विचारून परत येते. तरीसुद्धा आपण त्याचा राग मानीत नाही, त्यास दरिद्री समजत नाही आणि त्याचा सदरा मुद्दाम वाकडा शिवीत नाही. व्यवहार आहे, विचारणारच, असे आपण म्हणतो.

परंतु तोच शिंपी जेव्हा रुग्णालयाची पायरी चढतो, तेव्हा त्याच्या तोंडास कुलूप बसते. पाचशे रुपयांच्या शिलाईत अस्तर धरले आहे की नाही हे विचारणारे आपण, पन्नास हजारांच्या शस्त्रक्रियेत काय धरले आहे आणि काय वगळले आहे हे विचारीत नाही. हे असे का होते, याचा विचार मी गेली काही वर्षे करीत आहे. त्या विचारास कारणही तसेच घडले, आणि ते आपणांपुढे सांगताना मला संकोच वाटतो. कारण त्या गोष्टीत चूक माझी आहे.

सन २०१९ च्या पावसाळ्यातील ही गोष्ट. माझ्या धाकट्या भावाचे तालुक्याच्या गावी शिलाईचे दुकान आहे. दुकानात त्या वेळी दोन यंत्रे होती. एकावर तो स्वतः बसे, दुसऱ्यावर त्याचा मुलगा. भावास अंतर्गळाचा, ज्याला आपण हर्निया म्हणतो त्याचा, विकार जडला. डॉक्टरांनी तपासून सांगितले की शस्त्रक्रिया करावी लागेल, परंतु तातडी नाही. महिन्या-दोन महिन्यांत सवडीने करा. त्याने जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात चौकशी केली. तेथे तोंडी उत्तर मिळाले, "बत्तीस हजारांपर्यंत होईल." तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, आणखी दोन ठिकाणी विचारून पाहू का?" मी घरातला वडील, चार बुके शिकलेला. मी त्यास म्हणालो, "अरे, जिवाची का कुठे घासाघीस करतात? डॉक्टर म्हणजे काय भाजीवाला आहे? लोक काय म्हणतील?" त्याने माझा शब्द मानला. आजवर त्याने माझा शब्द कधी मोडलेला नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या दिवशी घरी सोडतेवेळी बिल हाती आले ते एकसष्ट हजार चारशे रुपयांचे. आम्ही दोघे भाऊ त्या कागदाकडे पाहत राहिलो. बत्तीस हजार ही केवळ शस्त्रक्रियेची व सर्वसाधारण खोलीची रक्कम होती. पोटाच्या भिंतीस आधार म्हणून जी जाळी बसवितात तिचे साडेआठ हजार वेगळे. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे सहा हजार वेगळे. औषधे, सुया, हातमोजे वगैरे साहित्याचे नऊ हजार शंभर वेगळे. सर्वसाधारण खोलीत खाट रिकामी नव्हती म्हणून त्यास वरच्या वर्गाच्या खोलीत ठेवले होते; त्याचे पाच हजार आठशे वेगळे. सर्व मिळून एकोणतीस हजार चारशे रुपयांची वाढ. मी शिक्षक असल्यामुळे बेरीज दोनदा केली. बेरीज बरोबर होती. प्रत्येक रकमेची पावती होती. कोणी लबाडी केली असे मी तेव्हाही म्हटले नाही, आजही म्हणत नाही. आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही, एवढेच घडले.

भावजयीच्या पाटल्या गहाण पडल्या. तेवढ्याने भागेना, तेव्हा दुकानातले दुसरे यंत्र विकावे लागले. पुतण्या तयार कपड्यांच्या कारखान्यात दुसऱ्याच्या यंत्रावर रोजाने जाऊ लागला.

पुढे चार महिन्यांनी एका लग्नात जेवणाच्या पंगतीस माझ्या शेजारी आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ बसले होते. बोलता बोलता कळले की त्यांचीही हीच शस्त्रक्रिया, अशीच जाळी बसवून, त्याच शहरात, त्याच महिन्यात झाली होती. परंतु एका धर्मादाय रुग्णालयात. त्यांना सर्व धरून सव्वीस हजार रुपये लागले होते. पस्तीस हजार चारशे रुपयांचा फरक! घास माझ्या घशाखाली उतरेना. घरी येऊन मी ही गोष्ट भावास सांगितली आणि म्हणालो, "माझ्यामुळे तुझे नुकसान झाले." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, "दादा, गिऱ्हाईक माझ्याकडे शिलाई विचारतं, तेव्हा मी कधी रागावलो का?"

बंधुभगिनींनो, या एका प्रश्नावर मी आज आपणांपुढे उभा आहे.

आपण विचारीत का नाही? मला याची तीन कारणे दिसतात. पहिले कारण आदराचे. डॉक्टरांस आपण देवासमान मानतो आणि देवापुढे पैशाची गोष्ट काढणे आपणांस बरे वाटत नाही. दुसरे कारण भीतीचे. दर विचारला तर उपचारात हयगय होईल, अशी एक धास्ती मनात असते. तिसरे कारण मोठेपणाचे, आणि माझ्या मते तेच सर्वांत बलवान आहे. आपली ऐपत नाही असे चार लोकांस वाटू नये म्हणून आपण खिशात हात घालून गप्प उभे राहतो. माझे तोंड या तिसऱ्या कारणानेच बंद झाले होते; पहिल्या कारणाचे नाव मी केवळ पुढे केले.

यांपैकी आदराविषयी एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांच्या आचरणाविषयी जे विनियम केले, त्यांत स्पष्ट सांगितले आहे की डॉक्टरांनी आपले शुल्क उपचारापूर्वी सांगावे; उपचार किंवा शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर नव्हे. रुग्ण दुसऱ्याकडे पाठविल्याबद्दल दलाली घेणे वा देणे हेही त्याच विनियमांनी निषिद्ध ठरविले आहे. म्हणजे दर आधी सांगणे हा डॉक्टरांचा स्वतःचाच धर्म आहे. आपण विचारतो तेव्हा त्यांचा अपमान करीत नाही. त्यांस त्यांचे कर्तव्य पार पाडण्याची संधी देतो.

आपल्या राज्यात तर हा प्रश्न केवळ सदाचाराचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम हा १९४९ सालचा जुना कायदा. त्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली. तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दरपत्रक रुग्णालयाने दर्शनी भागी लावणे आवश्यक झाले आहे. हा नियम दर ठरवीत नाही. तो दर सांगावयास लावतो. परंतु भिंतीवरचे दरपत्रक वाचणारे डोळे नसतील तर त्या भिंतीचा काय उपयोग? त्यापूर्वी, २०१८ साली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली होती. दरांची माहिती मिळणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येणे, औषधे व तपासण्या आपल्या पसंतीच्या ठिकाणाहून घेता येणे, हे सारे त्या सनदेत हक्क म्हणून नोंदले आहे.

येथे एक भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. अपघात, हृदयविकाराचा झटका, अडलेली बाळंतीण, सर्पदंश, अशा प्रसंगी दर विचारीत हिंडणे हा शुद्ध अविचार होय. अशा वेळी जवळचे योग्य रुग्णालय गाठावे. संकटात आलेल्या माणसास वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच दिलेला आहे. मी जे सांगत आहे ते सवडीने करावयाच्या शस्त्रक्रियांविषयी : मोतीबिंदू, अंतर्गळ, पित्ताशयातील खडे, झिजलेला गुडघा यांसारख्या. जेथे डॉक्टर स्वतःच "पुढच्या महिन्यात केली तरी चालेल" असे म्हणतात, तेथे आपल्या हाती पंधरा दिवस असतात. त्या पंधरा दिवसांत आपण कुटुंबाची दहा वर्षांची बचत वाचवू शकतो.

आता तुलना कशी करावी? येथे आपला वंशपरंपरेचा व्यवसायच आपणांस शहाणपण शिकवितो. माप सारखे असल्याशिवाय दराची तुलना होत नाही. एक म्हणतो सदऱ्याची शिलाई चारशे, दुसरा म्हणतो पाचशे. परंतु पहिल्याच्या चारशेत दोरा, गुंड्या आणि कॉलरचे कापड धरलेले नाही. मग स्वस्त कोण? रुग्णालयाचेही तसेच आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चाचे सामान्यतः सात भाग असतात : शल्यविशारदाचे शुल्क, भूल देणाऱ्याचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, खोली व शुश्रूषा, शरीरात बसवावयाची वस्तू, औषधे व साहित्य, आणि आधीच्या व नंतरच्या तपासण्या. चौथीच्या मुलांस घालीत असे तसे एक उदाहरण आपणांस घालतो. एक रुग्णालय सांगते, "शस्त्रक्रियेचे अठरा हजार." दुसरे सांगते, "सर्व धरून बेचाळीस हजार." आपण आनंदाने पहिल्याकडे जातो. तेथे भूल पाच हजार, शस्त्रक्रियागृह सहा हजार, खोली पाच हजार, जाळी नऊ हजार, औषधे आठ हजार, तपासण्या तीन हजार. आता बेरीज करा. चौपन्न हजार! जो अठरा हजारांचा समजलो तो बेचाळीसवाल्याहून बारा हजारांनी महाग निघाला. म्हणून प्रश्न "किती?" एवढाच विचारू नये. "यात काय काय धरले आहे आणि काय धरलेले नाही?" असा विचारावा, आणि उत्तर कागदावर मागावे.

खोलीविषयी एक बारकावा फार थोड्यांस ठाऊक असतो. खोली बदलली की केवळ खोलीचे भाडे बदलते, अशी आपली समजूत असते. बऱ्याच खासगी रुग्णालयांत तसे नसते. खोलीचा वर्ग जसा चढतो, तसे शल्यविशारदाचे, भुलेचे व शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही चढते. शस्त्रक्रिया तीच, हात तेच, टाके तेवढेच. परंतु रुग्ण वरच्या मजल्यावर झोपला म्हणून सारे बिल फुगते. यास्तव आधीच विचारावे, "खालच्या वर्गात खाट नसली आणि तुम्ही आम्हांस वरच्या वर्गात ठेवलेत, तर बिल कोणत्या वर्गाचे लावाल?" हा एक प्रश्न माझ्या भावाचे पाच हजार आठशे रुपये कदाचित वाचवू शकला असता.

शरीरात बसवावयाच्या वस्तूंचीही अशीच गोष्ट. हृदयाच्या रक्तवाहिनीत जी जाळी, म्हणजे स्टेंट, बसवितात तिची किंमत पूर्वी लाखाच्या वर जात असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने साध्या जाळीस ७,२६० रुपये आणि औषधलेपित जाळीस २९,६०० रुपये अशी मर्यादा घातली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर मर्यादा आली. प्रचलित धातूचा जो सांधा सरासरी दीड लाखाच्या वर जाई, त्यास ५४,७२० रुपये ही कमाल किंमत ठरली. घाऊक किमतींच्या मानाने या मर्यादा पुढे वाढविण्यात आल्या आहेत, म्हणून चालू वर्षाची किंमत पाहून घ्यावी. मात्र हे ध्यानात ठेवावे की सरकारने वस्तूच्या किमतीस लगाम घातला, शस्त्रक्रियेच्या एकूण खर्चास नव्हे. २०१८ साली याच प्राधिकरणाने दिल्ली व परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली. तेव्हा औषधे, साहित्य आणि तपासण्या मिळून बिलाचा सुमारे ४६ टक्के भाग होतो असे दिसले, आणि काही साहित्यावर खरेदीच्या मानाने १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचे आढळले. म्हणजे अस्तर आणि गुंड्यांची किंमत जवळजवळ शिलाईएवढी! आणि आपण मात्र केवळ शिलाई विचारून घरी येतो.

मोतीबिंदूचे उदाहरण प्रत्येक घरातले आहे. एकाच शहरात दोन ठिकाणचे दर चौपट-पाचपट निराळे ऐकू येतात आणि लोक गोंधळतात. त्यातला बराचसा फरक भिंगाचा असतो : भिंग साधे की घडीचे, देशी की परदेशी, एका अंतरापुरते की दूरचे व जवळचे दोन्ही दाखविणारे. काही फरक पद्धतीचा व यंत्राचा असतो. म्हणून "मोतीबिंदूचे किती?" हा प्रश्न "कपड्याचे किती?" या प्रश्नासारखाच अपुरा आहे. डॉक्टरांस विचारावे, "माझ्या आईच्या वयाला आणि कामाला कोणते भिंग पुरेसे आहे?" आणि मग त्याच भिंगाचे दर दोन-तीन ठिकाणी विचारावेत.

स्वस्त म्हणजे निकृष्ट, ही समजूतही सोडली पाहिजे. तामिळनाडूत मदुराई येथे डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ज्यांस शक्य आहे त्यांनी पैसे द्यावेत आणि त्यातून गरिबांवर उपचार व्हावेत, अशी त्यांची योजना. परदेशी भिंगे महाग पडू लागली तेव्हा १९९२ साली त्यांनी भिंगे तयार करणारी संस्थाच काढली आणि भिंगाची किंमत कितीतरी खाली आणली. आज जगभरचे लोक तेथील काम पाहावयास येतात. निवृत्तीनंतर माणूस काय करू शकतो, याचा हा दाखला मी माझ्या निवृत्त सोबत्यांस मुद्दाम सांगत असतो. परंतु याचबरोबर हेही सांगतो की सर्वांत कमी दर हे आपले ध्येय नसावे. शल्यविशारदाने अशा शस्त्रक्रिया किती केल्या आहेत, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असतात काय, काही कमीजास्त झाल्यास अतिदक्षता विभाग तेथेच आहे की रुग्णास हलवावे लागेल, हे प्रश्न दराच्या आधी विचारावेत. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर मग दर पाहावा.

दर पडताळून पाहण्यास आपणांजवळ गज कोणता? पहिला गज सरकारी रुग्णालयाचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाकडे आहेत. तेथे शुल्क विचारून घ्यावे, तरी ते बाहेरच्या मानाने अल्पच असते. दुसरा गज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २०१२ साली निराळ्या नावाने सुरू झालेल्या या योजनेचा लाभ २०२३ च्या निर्णयाने सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांस खुला झाला आणि वर्षास पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ठरले. मात्र आपली शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे काय, असल्यास ती केवळ सरकारी रुग्णालयासाठी राखीव आहे काय, हे आरोग्यमित्रास आधी विचारावे. शस्त्रक्रिया झाल्यावर विचारून उपयोग नाही. तिसरा गज धर्मादाय रुग्णालयांचा. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्यातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. उत्पन्नाच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात. त्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कळतात. चौथा गज असा की केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेसाठी शस्त्रक्रियावार दर जाहीर करते. मुंबई, पुणे, नागपूर येथे ती योजना चालते. ते दर इतरांवर बंधनकारक नाहीत, परंतु आपणांस सांगितलेला आकडा वाजवीच्या किती जवळ वा किती दूर आहे, याचा अंदाज त्यांवरून येतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांच्या खिशातून होत होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही सुधारणा खरी आहे. तथापि ज्याच्या खिशातून जातो, त्याचे जाते शंभर टक्के. टक्केवारी देशाची असते; गहाण पडलेल्या पाटल्या घरच्या असतात.

न विचारण्याचे आणखी एक नुकसान आहे आणि ते बिलात दिसत नाही. खर्च किती येईल हे ठाऊक नसल्यामुळे आपली माणसे, विशेषतः आपल्या माताभगिनी, दुखणे अंगावर काढतात. "लाखभर लागतील" असे कोणीतरी म्हटलेले कानी येते आणि घरातील बाई दोन वर्षे गप्प बसते. माझ्या नात्यातील एक वृद्ध मावशी केवळ या भीतीने मोतीबिंदूसह जगत राहिली. ती चुलीवरच्या भाकरीचा अंदाज हाताने घेत असे. शेवटी जिल्हा रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया मोफत झाली. पट्टी सुटल्यावर ती म्हणाली, "आधी कोणी सांगितलं असतं तर!" सांगणार कोण? आम्ही कोणी विचारलेच नव्हते.

डॉक्टरांविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय हे भाषण एकांगी होईल. लहान गावात जो डॉक्टर कर्ज काढून रुग्णालय बांधतो, वीज, यंत्रे, नोकरवर्ग यांचा खर्च सोसतो आणि मध्यरात्री उठून येतो, त्याने मोबदला घेऊ नये असे कोणीही म्हणणार नाही. आपण स्वतः कारागीर आहोत. पडेल त्या दरात काम मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा आपणांस किती वीट येतो, हे आपण जाणतो. तेव्हा घासाघीस नको, उर्मट भाषा नको, भांडण तर नकोच. नम्रपणे म्हणावे, "डॉक्टरसाहेब, आम्ही हातावर पोट असलेली माणसे. एकूण खर्चाचा अंदाज लिहून दिलात तर आम्हांस तजवीज करता येईल." चांगला डॉक्टर याने रागावत नाही. आणि जो एवढ्याने रागावतो, त्याचा राग शस्त्रक्रियेच्या आधी कळला, हेही चांगलेच.

आता मंडळास एक विनंती. आपले मंडळ दरवर्षी वधूवरसूची काढते, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, अडलेल्या कुटुंबास वैद्यकीय साहाय्य देते. परंतु हे साहाय्य बिल झाल्यानंतर मागितले जाते. बिल होण्यापूर्वी शहाणपण देता आले, तर तो निधी दुप्पट कुटुंबांस पुरेल. यासाठी मंडळाने एक नोंदवही ठेवावी. ज्या ज्ञातिबांधवाच्या घरी शस्त्रक्रिया झाली असेल त्याने पुढील गोष्टी नोंदवाव्यात : साल व महिना, शस्त्रक्रियेचे नाव व प्रकार, गाव, रुग्णालय सरकारी की धर्मादाय की खासगी, खोलीचा वर्ग, किती दिवस राहिले, आधी किती सांगितले, अखेरीस किती झाले आणि फरक कशामुळे पडला. रुग्णाचे नाव वहीत लिहू नये. आजार ही घरातली गोष्ट असते. कोणाची बदनामी हाही तिचा हेतू नसावा. अभिप्राय नको, केवळ आकडे आणि बिलाची प्रत. ज्याच्या घरी शस्त्रक्रिया ठरली असेल त्याने येऊन वही पाहावी, आणि मग विचारावयास जावे. मी निवृत्त आहे, वेळ आहे, अक्षर बरे आहे. मंडळाने आज्ञा केली तर ही वही लिहिण्याचे काम मी दर रविवारी मंडळाच्या कार्यालयात बसून आनंदाने करीन.

कात्री एकदा चालली की कापड पुन्हा जुळत नाही. म्हणून आपले वाडवडील आधी माप घेत, मग खडूची रेघ ओढीत आणि नंतरच कात्री हाती धरीत. आपल्या घराच्या पैशाचेही कापड तसेच आहे, आणि ते फार थोडे आहे.

माझ्या भावाच्या पाटल्या दोन वर्षांनी सुटल्या. विकलेले यंत्र मात्र अद्याप दुकानात परत आलेले नाही. त्या यंत्राची रिकामी जागा मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा "लोक काय म्हणतील?" हे माझेच शब्द मला ऐकू येतात. लोक काहीच म्हणाले नाहीत. लोकांस त्याची खबरही नव्हती.

आज मी त्या बिलाची प्रत बरोबर आणली आहे. भावाची अनुमती घेतली आहे. नोंदवही सुरू झाली, तर तिच्या पहिल्या पानावरची पहिली नोंद तीच असावी, अशी माझी इच्छा आहे. अध्यक्षमहाराजांनी ही प्रत स्वीकारावी, अशी विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.